दट्ट्या आणि धूर

मुंबईहून आग्र्याकडे जाणारा हमरस्ता ठाणें शहर ओलांडतांना माजिवड्यापाशीं येतो, आणि तेथेंच घोडबंदरचा रस्ता त्यास मिळतो. एका अंगास मुंबई, दुसऱ्या अंगास भिवंडी व नाशिक, तिसऱ्या अंगास गुजराथ, अशा तिन्ही दिशांची वाहतूक या एका ठिकाणीं एकवटते. मालाचे अवजड ट्रक, एस. टी.च्या गाड्या, रिक्षा, मोटारी आणि असंख्य दुचाकी यांची येथें रात्रंदिवस रीघ लागलेली असते. आपल्यापैकीं पुष्कळ विद्यार्थी याच नाक्यावरून शाळेस येतात व बसची वाट पाहत येथेंच उभे राहतात. त्यांच्या छातींत जी हवा जाते, तींत या सर्व वाहनांचा धूर मिसळलेला असतो.

हा धूर उत्पन्न कोठें होतो, असें विचारलें तर बहुतेक जण गाडीच्या मागील नळीकडे बोट दाखवितील. परंतु नळी हें धुराचें केवळ बाहेर पडण्याचें दार होय. त्याचा जन्म त्यापूर्वींच, इंजिनाच्या पोटांत, दट्ट्याचा माथा व त्यावरील झांकण यांमधील मूठभर जागेंत झालेला असतो. म्हणूनच सरकारनें वाहनांच्या धुरावरील बंधनें जसजशीं कडक केलीं, तसतसा कारखानदारांना या दट्ट्याचा आकार, धातु व घडण यांचा पुन्हां पुन्हां विचार करावा लागला. ज्या वस्तूचें आपणांस एरव्हीं दर्शनहि घडत नाहीं, तिच्या माथ्यावरील खळगा किती खोल असावा, या प्रश्नाशीं आपल्या श्वासाचा संबंध कसा पोंचतो, हें या पाठांत पाहावयाचें आहे.

दट्ट्या म्हणजे काय?

सायकलींत हवा भरण्याचा पंप सर्वांनीं हाताळलेला आहे. त्याच्या नळींत वरखालीं सरकणारा जो भाग असतो, तोच दट्ट्या. कारागीर त्यास पिस्टन म्हणतात, व ज्या नळकांड्यांत तो सरकतो त्यास सिलिंडर. पंपांत आपण दट्ट्या ढकलतों व हवा दाबली जाते. इंजिनांत याच्या उलट घडतें. तेथें पेटलेला वायु दट्ट्यास ढकलतो, आणि तो जोर क्रँकच्या द्वारें चाकांपर्यंत पोंचतो.

हल्लींच्या बहुतेक गाड्यांचें इंजिन 'फोर-स्ट्रोक', म्हणजे दट्ट्याच्या चार खेपांचें असतें. पहिल्या खेपेस दट्ट्या खालीं जातो व हवा, किंवा हवा आणि पेट्रोलची वाफ यांचें मिश्रण, आंत ओढलें जातें. दुसऱ्या खेपेस तो वर येऊन त्यास दाबतो. तिसऱ्या खेपेस ज्वलन होऊन दट्ट्या जोरानें खालीं ढकलला जातो. इंजिनाचें खरें काम होतें तें एवढ्या एकाच खेपेंत. चौथ्या खेपेस तो वर येऊन जळलेला वायु बाहेर हांकलतो. पेट्रोलचें मिश्रण विजेच्या ठिणगीनें पेटतें. डिझेल इंजिनांत ठिणगी नसते. तेथें नुसती हवाच इतकी दाबतात कीं, ती अतिशय तापते व तींत तेलाचा फवारा सोडतांच तो आपोआप पेट घेतो. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनियरनें असें इंजिन १८९७ सालीं यशस्वी रीतीनें चालवून दाखविलें.

या दट्ट्यावर केवढा भार पडतो, याचा हिशेब वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना सहज करतां येईल. सिलिंडरचा व्यास ८ सेंटिमीटर धरला, तर दट्ट्याच्या माथ्याचें क्षेत्रफळ सुमारें ५० चौरस सेंटिमीटर होतें. आजच्या डिझेल मोटारींत ज्वलनाच्या वेळीं दाब वातावरणाच्या १५० पटींहून अधिक चढतो. दर चौरस सेंटिमीटरवर १५० किलोग्रॅम धरले, तर माथ्यावर एकंदर ७,५०० किलोग्रॅम, म्हणजे साडेसात टन भार क्षणभर पडतो. माल भरलेला एखादा लहान ट्रक तळहाताएवढ्या चकतीवर उभा करावा, तसेंच हें झालें. शिवाय क्रँक मिनिटास ३,००० वेळां फिरत असेल, तर दट्ट्या एका सेकंदांत १०० वेळां आपली दिशा बदलतो. ज्वलनाची ती सारी खेप सेकंदाच्या शंभराव्या भागांत संपते. इंधन व हवा यांनीं एकमेकांत मिसळून पूर्णपणें जळावें, यासाठीं मिळणारा वेळ एवढाच.

धुरांतील चार अपायकारक पदार्थ

पेट्रोल अथवा डिझेल पूर्णपणें जळलें, तर त्यापासून कर्बद्विप्राणिद वायु व पाण्याची वाफ एवढेंच उरावयास हवें. पण इतक्या थोड्या वेळांत पूर्ण ज्वलन साधत नाहीं, व त्यांतून दूषित पदार्थ निर्माण होतात. जेथें प्राणवायु अपुरा पडतो, तेथें कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु होतो. तो आपल्या रक्तांतील प्राणवायूची जागा बळकावतो. जेथें ज्योत पोंचतच नाहीं, तेथें कच्चें इंधन तसेंच राहतें. यास हायड्रोकार्बन म्हणतात. जेथें तेलाचे थेंब हवेशीं नीट न मिसळतां तापतात, तेथें काजळी धरते, व तिचे सूक्ष्म कण फुफ्फुसाच्या अगदीं खोल भागापर्यंत जातात. चौथा पदार्थ मात्र याच्या अगदीं विरुद्ध परिस्थितींत होतो. ज्योत फार प्रखर होऊन उष्णमान सुमारें १,५०० अंशांच्या वर गेलें, म्हणजे हवेंतील एरव्हीं निरुपद्रवी असलेला नत्रवायुच प्राणवायूशीं संयोग पावतो व नायट्रोजनचे ऑक्साइड बनतात. यांनीं श्वासनलिकेचा दाह होतो.

इंजिनियरांपुढील मुख्य पेंच येथेंच आहे. काजळी जळून जावी म्हणून ज्योत प्रखर ठेवली, तर नायट्रोजनचे ऑक्साइड वाढतात. ते कमी व्हावे म्हणून ज्योत थंड केली, तर काजळी वाढते. अपुऱ्या पांघरुणासारखा हा प्रकार आहे. डोकें झांकावें तर पाय उघडे पडतात. यांतून एकच वाट निघते. हवा व इंधन यांचें मिश्रण इतकें सारखें करावयाचें कीं, अति दाट किंवा अति प्रखर असा कोपरा कोठेंहि राहूं नये. आणि हें मिश्रण ज्या भांड्यांत घडतें, तें भांडें म्हणजे दट्ट्याचा माथा.

काजळी कशी धरते याचा पडताळा घरीं पाहतां येईल. वडील माणसांच्या समक्ष एक मेणबत्ती लावा व तिच्या ज्योतींत स्टीलचा थंड चमचा क्षणभर धरा. चमच्यावर तत्काळ काळा थर बसेल. ज्योत तीच, मेण तेंच. परंतु थंड धातूनें उष्णता हिरावून घेतल्यामुळें जो कर्ब ज्योतीच्या शेंड्यापर्यंत जाऊन जळावयाचा, तो अर्ध्या वाटेवरच थिजला. इंजिनांतहि तेलाचा फवारा थंड भिंतीवर आपटला, तर असेंच होतें.

कायद्याच्या पायऱ्या

धुरांतील पदार्थांच्या वजनावर आपल्या देशांत पहिली मर्यादा पेट्रोलच्या वाहनांसाठीं १९९१ सालीं व डिझेलच्या वाहनांसाठीं १९९२ सालीं घालण्यांत आली. १९९६ सालीं ती कडक झाली, व २००० सालीं युरोपांतील 'युरो १' शीं जुळणारी मर्यादा सर्व देशास लागू झाली. पुढील मार्ग आंखण्यासाठीं केंद्र सरकारनें २००१ सालीं डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमली. डॉ. माशेलकर हे मूळचे गोव्यांतील माशेल गांवचे. त्यांचें शिक्षण मुंबईंत झालें, व पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे ते संचालक होते. २००२ सालच्या अहवालांत या समितीनें इंधन आणि वाहन हीं दोन्ही पायरीपायरीनें कशीं सुधारावींत, याचें वेळापत्रक घालून दिलें. त्यास अनुसरून २००५ सालीं 'भारत स्टेज ३' ही मर्यादा मुंबई व पुणें धरून अकरा शहरांत आली. २०१० सालीं 'भारत स्टेज ४' तेरा शहरांत आली, व त्यांत सोलापूरचाहि समावेश होता. १ एप्रिल २०१७ पासून ती सर्व देशास लागू झाली. नंतर पांचवी पायरी गाळून १ एप्रिल २०२० रोजीं एकदम 'भारत स्टेज ६' अंमलांत आली.

या पायऱ्या केवढ्या उंच होत्या, हें आंकड्यांवरून ध्यानांत येईल. लहान डिझेल मोटारीनें दर किलोमीटरमागें बाहेर टाकावयाच्या काजळीची मर्यादा २००० सालीं ०.१४ ग्रॅम होती. 'भारत स्टेज ४' मध्यें ती ०.०२५ ग्रॅम झाली, व 'भारत स्टेज ६' मध्यें ०.००४५ ग्रॅम. म्हणजे वीस वर्षांत ती एकतिसाव्या हिश्शावर आली. नायट्रोजनच्या ऑक्साइडांची मर्यादा स्टेज ३, ४ व ६ यांत अनुक्रमें ०.५०, ०.२५ व ०.०८ ग्रॅम अशी उतरत गेली. स्टेज ६ मध्यें काजळीचें वजन पाहून न थांबतां तिचे कणहि मोजतात. दर किलोमीटरमागें ६० हजार कोटींहून अधिक कण असतां कामा नयेत, असा नियम आहे. एवढे कण बाहेर पडूनहि ती गाडी निर्दोष ठरते, यावरून एक एक कण किती सूक्ष्म असतो याची कल्पना करावी.

स्कूटरचा दट्ट्या

आपल्या आजोबांच्या पिढीच्या घरोघरीं जी स्कूटर होती, तिच्यापासून आरंभ करूं. पुण्याच्या बजाज कंपनीची 'चेतक' आणि किनेटिक कंपनीची 'लूना' या दोन्ही १९७२ सालीं निघाल्या. दोहोंचीं इंजिनें तेव्हां 'टू-स्ट्रोक', म्हणजे दोन खेपांचीं होतीं. हें इंजिन हलकें, स्वस्त व दुरुस्तीस सोपें असतें, कारण त्यांत वेगळ्या झडपा नसतात. सिलिंडरच्या भिंतींतच खिडक्या कापलेल्या असतात, आणि दट्ट्याच वरखालीं जातांना त्या उघडतो व झांकतो. दाबण्याचें आणि दाराचें अशीं दोन्ही कामें एकट्या दट्ट्याकडे असतात.

परंतु या सोयींतच दोष होता. नवें मिश्रण आंत येण्याची खिडकी उघडी असते, तेव्हां जळलेला वायु बाहेर जाण्याची खिडकीहि उघडीच असते. नवें मिश्रण जुन्या वायूस बाहेर ढकलतें खरें, पण त्याच्याबरोबर स्वतःहि थोडें निसटतें. घर झाडतांना केराबरोबर धान्यहि उंबऱ्याबाहेर जावें, तसें हें होतें. याप्रमाणें पुष्कळदां चौथाईच्या आसपास पेट्रोल न जळतांच हवेंत जात असे. शिवाय दट्ट्याच्या वंगणासाठीं पेट्रोलांतच ऑइल मिसळावें लागे, व तें जळून निळसर धूर निघे.

दुचाकीसाठीं हायड्रोकार्बन व नायट्रोजनचे ऑक्साइड यांची एकत्रित मर्यादा १९९६ सालीं दर किलोमीटरमागें ३.६ ग्रॅम होती, ती २००० सालीं २.० ग्रॅम झाली. पुढें ती आणखी उतरली, तेव्हां फोर-स्ट्रोक इंजिनानें टू-स्ट्रोकची जागा घेतली. दाराचें काम झडपांकडे गेलें व दट्ट्यास केवळ आपलें काम उरलें. बजाज कंपनीनें २००३ सालीं 'पल्सर' मोटारसायकलींत एका सिलिंडरास दोन ठिणग्यांची योजना आणली. ज्योतीस दट्ट्याच्या माथ्यावरून कमी अंतर चालावें लागावें व मिश्रण लवकर जळावें, हा तिचा हेतु. २०२० पासून 'चेतक' हें नांव पुन्हां रस्त्यावर आलें आहे, पण ती गाडी विजेवर चालते. तींत दट्ट्याच नाहीं.

माथ्यावरील खळगा

अवजड वाहतूक मात्र अद्याप मुख्यतः डिझेलवरच चालते, आणि डिझेल इंजिनाचा महाराष्ट्राशीं जुना संबंध आहे. १९४६ सालीं पुण्यास स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑईल एंजिन्सचीं इंजिनें शेतकऱ्यांच्या विहिरींवर चाललीं. माजिवड्याहून आग्रा रस्त्यानें पुढें गेल्यास इगतपुरीस महिंद्र कंपनीचा इंजिनांचा कारखाना आहे.

डिझेलच्या दट्ट्याचा माथा सपाट नसतो. त्यांत वाटीसारखा एक खळगा असून खळग्याच्या मध्यभागीं उंचवटा असतो. पसरट कढईंत एक लहान वाटी उपडी ठेवावी, तशी ती आकृति दिसते. हा आकार निष्कारण नाहीं. दट्ट्या अगदीं वर पोंचतो, तेव्हां त्याचा सपाट कांठ व वरचें झांकण यांत जेमतेम एक मिलिमीटरभर जागा उरते. तेथील हवा चेंगरून खळग्यांत घुसते व भोंवऱ्याप्रमाणें फिरूं लागते. त्याच क्षणीं वरच्या फवाऱ्याच्या बारीक छिद्रांतून तेलाच्या धारा चहूंकडे सुटतात. मधल्या उंचवट्यामुळें जेथें धार पोंचत नाहीं अशा जागीं हवा वायां पडून राहत नाहीं. ती धारांच्या वाटेवर लोटली जाते.

फवाऱ्याचा दाब पूर्वीं कमी होता, तेव्हां मिश्रणाचा भार हवेच्या भोंवऱ्यावरच होता, व खळगे खोल आणि तोंडाशीं आवळलेले करीत. आतां तेलाचा दाब वातावरणाच्या दोन हजार पटींपर्यंत नेतां येतो, व तेल छिद्रांतून धुक्यासारखें बारीक होऊन निघतें. त्यामुळें खळगा अधिक रुंद व उथळ करतां आला. कांहीं दट्ट्यांच्या खळग्यास कांठाशीं एक पायरी असते. धार तिच्यावर आपटून दुभंगते. एक भाग खळग्यांत जातो, दुसरा वरच्या हवेंत पसरतो. असें केल्यानें अधिक हवा कामास येते व काजळी कमी धरते. पायरी थोडी वर किंवा थोडी खालीं झाली, तरी धूर बदलतो. म्हणून तेलाची धार, तिची वेळ व दट्ट्याचा खळगा हीं तिन्ही एकत्रच ठरवावीं लागतात.

रिंगेवरील फट

दट्ट्याच्या अंगाभोंवतीं खांचांत बसविलेल्या तीन रिंगा असतात. वरच्या दोन वायु खालीं निसटूं देत नाहींत. तिसरी सिलिंडरच्या भिंतीवरील जादा तेल खरवडून काढते. पहिली रिंग माथ्याच्या कांहीं मिलिमीटर खालीं असते. त्या मधल्या पट्ट्याभोंवतीं दट्ट्या व भिंत यांमध्यें एक बारीक फट राहते. व्यास ८ सेंटिमीटर, फट पाव मिलिमीटर व पट्टा ५ मिलिमीटर उंच धरला, तर या फटीचें घनफळ एका घन सेंटिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाहूनहि थोडें कमी भरतें.

इतक्या क्षुद्र जागेनें काय बिघडणार, असें वाटेल. परंतु मिश्रण दाबलें जातें तेव्हां तें या फटींत शिरतें, आणि ज्योत मात्र तेथें शिरूं शकत नाहीं. सर हंफ्री डेव्ही यांनीं १८१५ सालीं खाणींतील कामगारांसाठीं केलेला दिवा तुम्हांस पुस्तकांतून माहीत असेल. त्याच्या बारीक जाळींतून ज्योत पलीकडे जात नाहीं, कारण धातु तिची उष्णता शोषून घेतो. तोच नियम येथेंहि लागतो. फटींतलें मिश्रण कच्चेंच राहतें व दट्ट्या खालीं जाऊं लागला कीं बाहेर येऊन धुरांत मिसळतें. चार सिलिंडरांच्या पेट्रोल इंजिनांत क्रँक मिनिटास ३,००० वेळां फिरत असेल, तर हा प्रकार मिनिटास ६,००० वेळां घडतो. थेंबे थेंबे तळें सांचतें, ही म्हण दोषांनाहि लागू आहे.

यावर उपाय म्हणजे पहिली रिंग जितकी वर नेतां येईल तितकी नेणें. तसें केल्यानें फट आंखूड झाली, पण रिंग ज्वाळेच्या जवळ गेली व तिची खांच झिजूं लागली. मग डिझेलच्या दट्ट्यांत त्या जागीं निकेल मिसळलेल्या बिडाचें कडें दट्ट्या ओततांनाच बसविण्यांत येऊं लागलें. रिंगाहि पातळ केल्या, म्हणजे भिंतीशीं त्यांचें घर्षण कमी व्हावें. तेलाची रिंग मात्र फार काळजीनें बेतावी लागते. ती सैल पडली, तर तेल वर चढून जळतें. फार ताठ झाली, तर घर्षण वाढून अधिक इंधन लागतें.

मिठाचें कडें

आतां उष्णतेचा प्रश्न. ज्वलनांतील वायूचें उष्णमान २,००० अंशांच्या वर जातें, आणि दट्ट्या बहुधा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांवर वितळतें. दट्ट्या वितळत नाहीं, याचें कारण ज्वाळा क्षणिक असते व त्याची उष्णता रिंगांतून भिंतीकडे आणि खालून तेलाकडे सतत वाहून जाते. कडक नियमांसाठीं दाब वाढला, तेव्हां हा नैसर्गिक निचरा पुरेना. मग माथ्याच्या आंत तेल खेळविण्यासाठीं एक पोकळ वलय ठेवण्यांत आलें. खालून तेलाची धार त्यांत जाते व उष्णता घेऊन परत येते.

भरीव धातूच्या पोटांत हें वलय कसें करीत असतील? युक्ति मोठी मनोरंजक आहे. सांच्यांत आधीं मिठाचें एक कडें ठेवतात व त्याभोंवतीं वितळलेला धातु ओततात. मीठ त्या उष्णतेनें वितळत नाहीं. धातु थंड झाल्यावर एका छिद्रांतून पाणी सोडलें कीं मीठ विरघळून जातें, आणि त्याच्या जागीं वाट तयार होते. स्वयंपाकघरांतील चिमूटभर वस्तूनें ट्रकच्या इंजिनास थंड ठेवावें, हें ज्ञानाचेंच कौतुक होय.

उष्णतेनें धातु फुगतो, हेंहि ध्यानांत ठेवावें लागतें. ८ सेंटिमीटर व्यासाचा ॲल्युमिनियमचा दट्ट्या २०० अंशांनीं तापला, तर सुमारें तीन दशांश मिलिमीटर वाढतो. माणसाचा केंस याच्या चौथाईइतका जाड असतो. म्हणून थंड दट्ट्या हा खरा गोल नसतोच. तो किंचित् लंबगोल व माथ्याकडे निमुळता कातलेला असतो, आणि तापल्यावर गोल होतो. पोलाद ॲल्युमिनियमच्या जवळजवळ निम्म्यानेंच फुगतें व अधिक दाब सोसतें. म्हणून अवजड वाहनांच्या नव्या इंजिनांत पोलादी दट्ट्यांचा वापर वाढला आहे.

परीक्षा प्रयोगशाळेंत व रस्त्यावर

इतकें करूनहि दट्ट्या एकटा 'भारत स्टेज ६' ची परीक्षा उतरत नाहीं. त्याच्या पाठीमागें काजळी अडविणारी गाळणी व नायट्रोजनचे ऑक्साइड मोडणारीं साधनें बसवावीं लागतात; ट्रकमध्यें त्यासाठीं युरियाचें पाणी वापरतात. इंधनांतील गंधक या साधनांना मारक असल्यामुळें तोहि कमी करण्यांत आला. स्टेज ४ च्या डिझेलांत दहा लक्ष भागांत ५० भाग गंधक चाले, स्टेज ६ मध्यें केवळ १० भाग चालतो. तथापि जन्मास येणारी घाण जितकी थोडी, तितका या साधनांवरील भार हलका. घर स्वच्छ ठेवण्याचा पहिला नियम, केर कमी करणें, हा येथेंहि खरा आहे.

वाहनांची ही परीक्षा पुण्यास १९६६ सालीं स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेंत होते. गाडी फिरत्या रुळांवर उभी करून ठराविक क्रमानें चालवितात, तिचा धूर पिशव्यांत सांठवून तपासतात, व काजळी गाळणीच्या कागदावर धरून तोलतात. परंतु रुळांवरील गाडी आणि खऱ्या रस्त्यावरील गाडी यांत अंतर पडतें. म्हणून १ एप्रिल २०२३ पासून नव्या मोटारींची प्रत्यक्ष रस्त्यावर, गाडीलाच यंत्र जोडून, परीक्षा घेण्याचा नियम झाला.

आपलें काम

येथें पालकांस एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. कायदा नव्या गाडीस बांधतो. जुनी गाडी आपल्या जुन्याच दट्ट्यानें धांवत राहते. आणि नवी गाडीहि निष्काळजीपणानें थोड्याच काळांत जुनी होते. पाव मिलिमीटरच्या फटीसाठीं शास्त्रज्ञांनीं वर्षेंच्या वर्षें खर्चावीं, आणि ऑइल बदलण्याचे चार पैसे वांचविण्यासाठीं आपण त्याच रिंगा झिजवाव्या, ही विसंगति आहे.

धुराचा रंग इंजिनाची प्रकृति सांगतो. काळा धूर म्हणजे इंधन अधिक व हवा कमी. हवेची गाळणी तुंबली असेल, फवारा बिघडला असेल, किंवा गाडीवर फाजील भार असेल. निळा धूर म्हणजे रिंगा अथवा झडपांकडून तेल वर येऊन जळत आहे. इंजिन तापल्यावरहि पांढरा धूर राहिला, तर इंधन कच्चें जात आहे किंवा थंड करण्याचें पाणी आंत शिरत आहे. या खुणा दिसतांच गाडी कारागिरास दाखवावी. ऑइल वेळेवर व सांगितलेल्या प्रतीचेंच घालावें. भेसळीच्या इंधनास स्वस्त समजूं नये. काजळीची गाळणी तुंबते म्हणून ती काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानूं नये. ती काढणें म्हणजे आपली घाण शेजाऱ्याच्या अंगणांत टाकणें होय. ही गाळणी सांठलेली काजळी स्वतः जाळून टाकते, पण त्यासाठीं सुमारें ६०० अंशांची उष्णता लागते. रोज नाक्यावरच्या गर्दींत रखडणाऱ्या गाडीस ती मिळत नाहीं. म्हणून तिला मधून मधून मोकळ्या रस्त्यावर वेगानें चालविणें हिताचें असतें. धुराचा दाखला स्टेज ४ व ६ च्या मोटारींस वर्षानें व त्याहून जुन्यांस सहा महिन्यांनीं घ्यावा लागतो. तो केवळ दंड चुकविण्याचा कागद न समजतां गाडीच्या प्रकृतीची तपासणी समजावी. आणि फाटक किंवा दिवा बराच वेळ बंद असेल, तर इंजिन बंद करावें. जें इंजिन चालतच नाहीं, त्याचा धूर नसतो.

विद्यार्थ्यांनीं यांतून आणखी एक बोध घ्यावा. हवा बिघडविणारें कारण मोठें व दृश्य असतें, असा आपला समज असतो. पण तें केंसाएवढ्या फटींत, सेकंदाच्या शतांशांत व थंड कोपऱ्यांत दडलेलें निघालें. तें शोधण्यास ज्यांनीं मोजमाप केलें, त्यांनाच त्यावर उपाय सांपडला. तुमच्यापैकीं कोणी पुढें यंत्रशास्त्र शिकेल, कोणी वडिलांचा ट्रक किंवा रिक्षा चालवील, कोणी गॅरेज काढील. आपल्या हातांतील यंत्राच्या पोटांत काय घडतें हें जो जाणतो, तो रस्त्यावर उभ्या असलेल्या मुलाच्या श्वासाची काळजी वाहतो. त्यासाठीं शोधकच व्हावें लागतें असें नाहीं.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. एका ट्रकच्या दट्ट्याचा व्यास १० सेंटिमीटर आहे. दर चौरस सेंटिमीटरवर २०० किलोग्रॅम दाब असतां माथ्यावर एकंदर किती टन भार पडेल?

२. टू-स्ट्रोक इंजिनांत कच्चें पेट्रोल बाहेर कां जातें? फोर-स्ट्रोक इंजिनांत तें कशामुळें थांबलें?

३. पहिली रिंग वर सरकविल्यानें कोणता लाभ झाला व कोणती नवी अडचण उभी राहिली? तिचें निवारण कसें केलें?

४. ज्योत थंड केली असतां धुरांतील कोणता पदार्थ कमी होतो व कोणता वाढतो? मेणबत्ती व चमचा यांच्या प्रयोगावरून स्पष्ट करा.

५. घराच्या खिडकींतून किंवा रस्त्यापासून दूर सुरक्षित जागेवरून दहा मिनिटें वाहनें पाहा. काळा, निळा व पांढरा धूर सोडणारीं वाहनें वेगवेगळीं मोजा, त्यांचा प्रकार लिहून ठेवा, व वर्गांत एकमेकांचे तक्ते ताडून पाहा.